बंदराच्या आदल्या दिवशी: आशियातल्या क्रूझवर डेस्टिनेशन लेक्चरर म्हणून काम कसं करावं

पहाटे जहाज थायलंडमधल्या लाएम चबांग बंदराला लागतं. डेकवर कॉफीचे कप घेऊन उभे असलेले प्रवासी समोर बघतात, तर नुसते कंटेनरचे ढीग आणि क्रेन. कार्यक्रमपत्रिकेत ‘बँकॉक’ लिहिलेलं असतं. बँकॉक तिथून साधारण १२० किलोमीटरवर आहे, बसने दोन तास. काही जणांचा चेहरा पडतो. काही जण मात्र निवांत असतात, कारण आदल्या दिवशी थिएटरमध्ये कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की सकाळी शहर नाही, बंदर दिसेल. हेही सांगितलेलं असतं की दोन तासांच्या बसप्रवासात खिडकीतून काय बघायचं आणि शहरात हातात पाच तास असतील तर ते कुठे घालवायचे.

हे सांगणारा माणूस म्हणजे डेस्टिनेशन लेक्चरर. हे काम करू बघणाऱ्या, पण जहाजावर अजून पाऊल न ठेवलेल्या माणसासाठी हा लेख आहे.

आधी काम नेमकं काय ते समजून घ्या

क्रूझवर बोलणारी माणसं तीन प्रकारची असतात आणि नवा माणूस हमखास त्यांची गल्लत करतो. डेस्टिनेशन लेक्चरर पुढच्या बंदराचा इतिहास, भूगोल, समाज सांगतो. स्पेशल इंटरेस्ट किंवा एनरिचमेंट स्पीकर स्वतःच्या विषयावर बोलतो, मग ते खगोलशास्त्र असेल, नौकानयन असेल नाही तर गुन्हेतपास. बंदराशी त्याचा संबंध असेलच असं नाही. आणि पोर्ट शॉपिंग गाइड दुकानांची माहिती देतो, त्याचा करार आणि कमाई पूर्ण वेगळी. तुम्हाला यातलं पहिलं, डेस्टिनेशन लेक्चररचं काम हवं असेल तर अर्जातही तेच स्पष्ट लिहा.

पैशांचं आधीच सांगतो, म्हणजे पुढे मन खट्टू व्हायला नको. बहुतेक मोठ्या जहाजांवर या कामाला पगार नसतो. व्याख्यानांच्या बदल्यात केबिन आणि जेवण मिळतं, बऱ्याचदा सोबत एका माणसालाही नेता येतं. विमानभाडं कधी कंपनी देते, कधी तुमच्या खिशातून जातं. एजन्सीमार्फत गेलात तर काही एजन्सी दर दिवसामागे स्वतःची फी घेतात. पेयं, इंटरनेट, लाँड्री, ग्रॅच्युइटी (म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप) यातलं काय तुमच्या खात्यावर पडणार हे प्रत्येक करारात वेगळं असतं. लहान आणि एक्सपिडिशन प्रकारच्या, म्हणजे दुर्गम भागांत जाणाऱ्या जहाजांवर मानधन मिळू शकतं, पण तिथे विषयातला अधिकारही तसाच लागतो. थोडक्यात, यावर घर चालत नाही. निवृत्त प्राध्यापक, पत्रकार, गाइड, अधिकारी, वर्षातले काही आठवडे मोकळे असलेले अभ्यासक अशांना हे काम साजतं.

मार्ग हातात घ्या आणि नकाशा घेऊन बसा

जहाजाचा मार्ग मिळाला की सगळ्यात आधी मी एक यादी करतो: पत्रिकेत कोणतं शहर लिहिलंय आणि जहाज प्रत्यक्षात कुठे लागणार. आशियात हा फरक फार मोठा आहे. ‘हो ची मिन्ह सिटी’ म्हणजे अनेकदा फू मी बंदर, तिथून शहर दीड-दोन तासांवर. ‘सोल’ म्हणजे इंचॉन. ‘बीजिंग’ म्हणजे तियानजिन, आणि तो रस्ता चांगलाच लांबचा. ‘तैपेई’ म्हणजे कीलुंग, पण तिथून रेल्वेने तासाभरात पोचता येतं. ‘हुए’ किंवा ‘दा नांग’ म्हणजे बऱ्याचदा त्या दोन शहरांच्या मधलं चान मे. उलट सिंगापूरला जहाज शहरातच लागतं, आणि योकोहामाच्या ओसानबाशी धक्क्यावरून पाच-दहा मिनिटं चाललात की शहरात असता. हाँगकाँगला ‘काय तक’ नावाच्या धक्क्याला लागलात तर प्रवाशांना सांगण्यासारखी एक सुंदर गोष्ट मिळते: तुम्ही उभे आहात ती जागा म्हणजे १९९८ साली बंद झालेल्या जुन्या विमानतळाची धावपट्टी; २०१३ मध्ये तिथे क्रूझ टर्मिनल सुरू झालं.

कोणत्या बंदरात जहाज धक्क्याला लागतं आणि कुठे नांगर टाकून टेंडर नावाच्या छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जावं लागतं, हेही टिपून ठेवा. थायलंडच्या को सामुईला टेंडरच. टेंडर असलं की जाण्यायेण्यात वेळ जातो, आणि समुद्र खवळला तर ते बंदर रद्द होतं.

मग ऋतू बघा. आग्नेय आशियातला क्रूझचा मुख्य मोसम साधारण नोव्हेंबर ते मार्च. पण त्याच काळात ईशान्य मोसमी वारे वाहतात. नोव्हेंबर-डिसेंबरात मध्य व्हिएतनाममध्ये पाऊस असतो आणि दक्षिण चीन समुद्र चांगलाच उसळतो. जपानच्या फेऱ्या वसंतापासून शरदापर्यंत. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला चेरीचा बहर, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तैफूनचा जोर. हे सगळं लक्षात घेतलंत की किती सी-डे आहेत, म्हणजे जहाज दिवसभर समुद्रात किती दिवस आहे, ते मोजा. तुमची व्याख्यानं बहुधा त्याच दिवशी असतात. दोन आठवड्यांच्या सफरीत पाच-सहा व्याख्यानं धरून चाला.

व्याख्यान बांधणं, म्हणजे खरं काम

पहिल्या सफरीत मी नागासाकीवर सत्तर स्लाइड नेल्या होत्या. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीजांपासून आजच्या लोकसंख्येपर्यंत सगळं त्यात होतं. टाळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलेल्या प्रवाशांना विचारलं, काय पाहिलंत? ‘अणुबॉम्बचं संग्रहालय, आणि मग खूप चाललो,’ एवढंच उत्तर आलं. पंचेचाळीस मिनिटं मी बोललो होतो, पण रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या उपयोगाचं त्यात काहीच नव्हतं.

तेव्हापासून मी व्याख्यान गँगवेपासून, म्हणजे जहाजातून उतरायच्या शिडीपासून सुरू करतो. प्रवाशाला त्या दिवशी डोळ्यांनी काय दिसणार आहे, ते आधी ठरवायचं. मग त्या दिसणाऱ्या गोष्टी ओवणारा एकच धागा शोधायचा. जे त्या धाग्यात बसत नाही ते, कितीही आवडतं असलं तरी, काढून टाकायचं.

नागासाकीचंच उदाहरण पुढे नेतो. जहाज आत शिरताना मित्सुबिशीच्या गोदीत एक अजस्र क्रेन दिसते. ती १९०९ सालची, स्कॉटलंडमध्ये बनलेली, आणि २०१५ पासून जागतिक वारशाचा भाग. हे डेकवरून दिसणारं पहिलं दृश्य, म्हणून पहिली स्लाइड. धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर टेकडीवर ओउरा चर्च आहे. १८६५ साली, चर्च नुकतंच बांधून झालेलं असताना, उराकामी गावची काही माणसं तिथे आली आणि फ्रेंच धर्मगुरूच्या कानात म्हणाली की आमचं मन तुमच्यासारखंच आहे. सुमारे अडीचशे वर्षं बंदीखाली गुपचूप श्रद्धा जपलेले हे ख्रिस्ती लोक. बंदी तेव्हाही उठलेली नव्हती, म्हणून उराकामीच्या हजारो लोकांना हद्दपारी भोगावी लागली. १८७३ मध्ये ते परतू लागले. पुढे त्यांनी आपल्या गावात मोठं कॅथेड्रल उभारलं. आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला तो याच उराकामीवर, कॅथेड्रलपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर.

आता बघा, क्रेन, चर्च, ट्राम आणि बॉम्ब पडला त्या भागातलं शांती उद्यान एका ओळीत आले. प्रवासी सकाळी ओउराला जातो, ट्राममध्ये बसतो, उत्तरेला उराकामीला उतरतो, आणि वाटेत त्याच्या मनात एकाच गावातल्या माणसांची गोष्ट चालू असते. देजिमा बेटावरचे डच व्यापारी सांगायचे का? वेळ उरला तर दोन मिनिटं. एरवी नाही.

अशा व्याख्यानाला तीस ते चाळीस स्लाइड पुरतात. स्लाइडवर मजकूर कमी, चित्र मोठं. प्रत्येक बंदरासाठी एक साधा नकाशा हवाच, धक्का कुठे आणि शहराचं मध्य कुठे एवढं दाखवणारा. स्थानिक भाषेतले दोन शब्द शिकवा, नमस्काराचा आणि आभाराचा, आणि सभागृहाकडून मोठ्याने म्हणून घ्या. दुसऱ्या दिवशी ते शब्द वापरून आलेला प्रवासी तुम्हाला शोधत येतो.

छायाचित्रं स्वतःची वापरा किंवा परवान्याची खात्री असलेली. इंटरनेटवरून उचललेलं चित्र चालणार नाही, कारण अनेक जहाजांवर व्याख्यान रेकॉर्ड होऊन केबिनमधल्या टीव्हीवर दिवसभर दाखवलं जातं.

नावं आणि नकाशे सांभाळा

आशियात समुद्राचं नाव घेणं हीसुद्धा एक भूमिका ठरते. ज्याला आपण दक्षिण चीन समुद्र म्हणतो त्याला व्हिएतनाममध्ये ‘पूर्व समुद्र’ म्हणतात, आणि फिलिपिन्स आपल्याकडच्या भागाला ‘पश्चिम फिलिपिन्स समुद्र’ म्हणतं. उत्तरेकडे कोरिया आणि जपानच्या मधल्या पाण्याला जपानी ‘जपान समुद्र’ म्हणतात, कोरियन ‘पूर्व समुद्र’. स्लाइडवरच्या नकाशात कुणाची तुटक रेषा छापून आली आहे हे भिंग लावून तपासा; व्हिएतनाममध्ये चीनचा या समुद्रावरचा दावा दाखवणाऱ्या नऊ तुकड्यांच्या रेषेचा नकाशा फार मनाला लागतो. माझा उपाय साधा आहे. जहाजाच्या अधिकृत नकाशात जे नाव असेल ते मी लिहितो आणि तोंडाने एकदा सांगतो की किनाऱ्यावर या पाण्याला काय म्हणतात. मत देत नाही.

युद्धांचंही तसंच. आपण ज्याला व्हिएतनाम युद्ध म्हणतो ते त्या देशात अमेरिकेविरुद्धचं युद्ध आहे. ३० एप्रिल १९७५ हा दिवस काहींसाठी सायगॉनच्या पतनाचा आणि काहींसाठी पुनर्एकीकरणाचा. आणि सभागृहात त्या युद्धात लढलेली माणसं बसलेली असू शकतात. एकदा व्याख्यानानंतर एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ खुर्चीतच बसून राहिले. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले की उद्या पन्नास वर्षांनी तिथे उतरतोय. त्यांना माझ्याकडून काही ऐकायचं नव्हतं, सांगायचं होतं. त्या दिवशी दुपारचं जेवण बुडालं, पण ते ऐकणं हा माझ्या कामाचाच भाग होता असं मला वाटतं.

आपल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. भारतीय व्याख्यात्याच्या हातात या पट्ट्यात एक मोठी ठेव असते. सिंगापूर म्हणजे सिंहपूर, अयुत्थया म्हणजे अयोध्या, बँकॉकचं थाई नाव क्रुंग थेप म्हणजे देवांचं नगर. दा नांगजवळच्या मी सन इथे चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने भद्रेश्वर शिवाचं मंदिर बांधलं आणि तिथले बरेच शिलालेख संस्कृतात आहेत. त्या मंदिरसमूहाच्या जतनाचं काम अलीकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलं. हे जरूर सांगा, आपल्याइतकं जिव्हाळ्याने ते दुसरं कुणी सांगणार नाही. पण ‘हे सगळं आपलंच होतं’ हा सूर लावू नका. व्हिएतनाममधल्या चाम लोकांनी, कंबोडियातल्या ख्मेर लोकांनी, जावाच्या शिल्पकारांनी जे घेतलं ते निवडून घेतलं आणि त्याचं स्वतःचं काहीतरी घडवलं. जावातल्या बोरोबुदुर स्तूपासारखी वास्तू भारतात कुठेही नाही, हे ठासून सांगण्यात आपलं काहीच कमी होत नाही.

अर्ज कुठे आणि कसा

दोन वाटा आहेत: थेट क्रूझ कंपनीचा मनोरंजन किंवा एनरिचमेंट विभाग, नाही तर वक्ते पुरवणारी एजन्सी. नवख्याला एजन्सीतून लवकर शिरकाव होतो, फी मात्र नीट विचारून घ्या. सफरीच्या आठ ते बारा महिने आधी अर्ज केलेला बरा. ऐन वेळी कुणी आजारी पडून जागा रिकामी होते, तेव्हा दोन आठवड्यांत निघू शकणारा माणूस कंपनीला फार हवासा वाटतो.

अर्जासोबत एका पानाचा परिचय, सात-आठ व्याख्यानांची शीर्षकं आणि प्रत्येकाची तीन ओळींची ओळख, एक बरं छायाचित्र आणि पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ द्यावा. या सगळ्यात व्हिडिओ सर्वात महत्त्वाचा. तो घरी कॅमेऱ्यासमोर बसून करू नका. ग्रंथालयात, ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात, महाविद्यालयात, जिथे जमेल तिथे खऱ्या माणसांसमोर बोला आणि ते टिपा. श्रोत्यांचं हसणं, त्यांचा प्रश्न व्हिडिओत ऐकू आला तर निवड करणाऱ्याला हवं ते मिळालं. शीर्षक असं द्या की न्याहारीच्या टेबलावर वाचून माणूस वेळ टिपून ठेवेल. ‘मलाक्काचा इतिहास’ कुणी टिपत नाही. ‘जायफळासाठी कुणी कुणाला बुडवलं’ टिपतात.

इंग्रजीची भीती असेल तर सांगतो, उच्चाराची अडचण येत नाही, वेगाची येते. सभागृहात ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, जर्मन, सिंगापुरी सगळे असतात, अनेकांना कमी ऐकू येतं. सावकाश बोला, वाक्यं लहान ठेवा.

कागदपत्रं

निवड झाली की कंपनीला पहिला प्रश्न विचारा: माझं नाव प्रवाशांच्या यादीत असेल की कर्मचाऱ्यांच्या? व्हिसाचे नियम यावर बदलतात. भारतीय पासपोर्टवर जपान आणि दक्षिण कोरियाचा व्हिसा आधी काढावा लागतो. जहाज एकाच देशात दोनदा शिरत असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा. ‘मी उतरणारच नाही’ हे कारण सगळीकडे चालत नाही. व्हिसा नसेल तर जहाजावर चढूच देत नाहीत. पासपोर्टची मुदत सफर संपल्यानंतरही सहा महिने असावी. प्रवासविमा घेताना जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते पाहा. जहाजावरचा दवाखाना महाग असतो.

जहाजावर पहिला दिवस

मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची कवायत, चुकवू नका. २०१५ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते, आणि तुम्ही व्याख्याते असलात तरी ती तुम्हालाही लागू आहे. नंतर क्रूझ डायरेक्टरला भेटा. तुमचा साहेब तोच. व्याख्यानांची वेळ, जागा, क्रम तो ठरवतो आणि सफरीनंतरचा अहवालही तोच पाठवतो. मग स्टेज मॅनेजरकडे जाऊन स्लाइड मोठ्या पडद्यावर चालवून बघा. माझ्या एका व्याख्यानात जहाजाच्या संगणकावर जपानी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले होते. तेव्हापासून मी प्रत्येक व्याख्यानाची पीडीएफ प्रतही ठेवतो, दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर, आणि क्लिकर व अडॅप्टर स्वतःचे नेतो.

घड्याळाकडे लक्ष असू द्या. व्हिएतनाम सिंगापूरपेक्षा एक तास मागे, जपान एक तास पुढे. रात्रीतून जहाजाची वेळ बदलते आणि फोनवर विसंबलेला व्याख्याता रिकाम्या सभागृहात पोचतो.

जहाजावर तुम्ही पाहुणेही असता आणि नोकरही, त्यामुळे काही पथ्यं पाळावी लागतात. नाटकाला गर्दी असेल तर खुर्ची प्रवाशाला द्यायची. शोर एक्स्कर्शनमध्ये, म्हणजे जहाजाने आखलेल्या बंदरातल्या सहलीत, जागा उरली तरच तुमचा नंबर, कधी कधी बसमध्ये मदतनीस म्हणून नेतात, ती संधी सोडू नका. जहाजाची सहल महाग आहे, बाहेर स्वस्तात होते, हे व्यासपीठावरून कधीच बोलायचं नाही. खाजगीत कुणी विचारलं तर शोर एक्स्कर्शनच्या काउंटरवर पाठवा. स्वतःची पुस्तकं परवानगीशिवाय विकायची नाहीत.

व्यासपीठावर

वेळेवर सुरू करा, पंचेचाळीस मिनिटांत संपवा. तुमच्यानंतर त्याच जागी बिंगो किंवा नृत्याचा वर्ग असतो, तुम्ही लांबवलंत तर स्टेजवाल्या मुलांची धावपळ होते. प्रश्न बाहेर लॉबीत घ्या, तिथे ते अधिक मोकळेपणाने येतात. जहाज डोलत असेल तर पाय थोडे फाकवून उभे राहा, एका हाताने टेबल धरा, पाण्याचा पेला नको, झाकणाची बाटली ठेवा. समुद्र लागत असेल तर औषध व्याख्यानाच्या तासभर आधी घ्या आणि त्याने झोप येते का, हे घरीच तपासून ठेवा.

आणि बंदर रद्द होणारच, असं धरून चाला. तैफून वळला किंवा चान मेला लाटा उंच उठल्या की कॅप्टन सकाळी घोषणा करतो आणि दोन तासांत क्रूझ डायरेक्टरचा फोन येतो: अकरा वाजता काही बोलाल का? त्यासाठी कोणत्याही बंदराला न बांधलेली तीन-चार व्याख्यानं तयार ठेवा. मोसमी वारे आणि त्यांच्यावर चाललेला व्यापार, १४०५ ते १४३३ दरम्यान झालेल्या चिनी आरमारप्रमुख ‘झंग ह’च्या सात सफरी, १८८३ चा क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट, मलाक्काची सामुद्रधुनी. शेवटचा विषय मला विशेष आवडतो, कारण श्रोते खिडकीतून ती सामुद्रधुनी आणि तिच्यातली तेलवाहू जहाजांची रांग प्रत्यक्ष बघत असतात. उतरायला न मिळाल्याने हिरमुसलेल्या लोकांसमोर बोलायचं असतं, त्यामुळे त्या दिवशीचं व्याख्यान तुमचं सर्वात चांगलं असायला हवं.

पुढचं बोलावणं प्रवाशांच्या अभिप्रायावर आणि क्रूझ डायरेक्टरच्या अहवालावर अवलंबून असतं. त्यात विद्वत्तेइतकंच हे पाहिलं जातं की तुम्ही कॉरिडॉरमध्ये, जेवणाच्या रांगेत लोकांशी कसे वागलात.

बंदराच्या दिवशी संध्याकाळी शेवटच्या बसगाड्या परततात, त्या सुमाराला मी गँगवेजवळ जाऊन उभा राहतो. लोक दमलेले असतात, पण बोलायला उत्सुक असतात. त्यांना काय सापडलं नाही, काय बघून ते थबकले, गाइडने काय वेगळं सांगितलं, ते मी वहीत लिहून घेतो आणि त्याच रात्री केबिनमध्ये बसून त्या बंदराच्या स्लाइड दुरुस्त करतो. महिन्याभराने दुसऱ्या जहाजावर तेच व्याख्यान द्यायचं असतं, आणि तोपर्यंत वहीतलं निम्मं विसरायला होतं.